मोटारनिर्मितीचा ध्यास घेतलेले वालचंद

पुणे-नाशिक महामार्गालगतच्या मंचर परिसरात अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्यातील शेतीप्रधान गाव आहे. शेजारच्या अवसरी खुर्दला २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि तेथे मोटार अभियांत्रिकीची स्वतंत्र शाखाही आहे. याच रस्त्याने पुण्याकडे निघाले की चाकणची औद्योगिक वसाहत लागते. देशी-विदेशी कंपन्यांच्या मोटारी आणि दुचाकी तेथे तयार होतात, आणि जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांतील तरुण त्या कारखान्यांत नोकरीला जातात. मोटार हिंदुस्थानात बनते, तीही पुणे जिल्ह्यात बनते, यात आज कुणालाच नवल वाटत नाही. पण हिंदी माणसाने मोटारीचा कारखाना काढणे ही एके काळी राज्यकर्त्यांच्या लेखी अशक्य, किंबहुना अनावश्यक गोष्ट होती. त्या काळात ज्या माणसाने हा हट्ट धरला, त्यासाठी अमेरिकेपर्यंत धाव घेतली, नकार पचवले आणि अखेर मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना उभा केला, त्याचे नाव शेठ वालचंद हिराचंद.

वालचंदांचे नाव निघाले की कुणाला वालचंदनगरचा साखर कारखाना आठवतो, कुणाला रावळगावच्या गोळ्या, तर कुणाला सांगली आणि सोलापूरची अभियांत्रिकी महाविद्यालये. जहाज, विमान आणि मोटार या वाहतुकीच्या तिन्ही साधनांच्या निर्मितीचा पाया या देशात घालण्याचा मान त्यांच्याकडे जातो. त्यांतील मोटारीची कथा सर्वांत लांबलेली आहे. अमेरिकेच्या ऐटबाज गाडीचे आकर्षण आणि हिंदी रस्त्यावरची, हिंदी खिशाला झेपणारी गाडी यांच्यातला झगडाही त्याच कथेत दिसतो.

सोलापूरचा पेढीवरचा मुलगा

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, गुजराती दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते सोलापूरला स्थायिक झाले होते. कापसाचा व्यापार आणि सावकारी हे पेढीचे मुख्य व्यवसाय. जन्मानंतर अवघ्या काही दिवसांतच वालचंदांची आई वारली. सोलापूरच्या सरकारी हायस्कुलातून १८९९ साली ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशा दोन ठिकाणी त्यांचे उच्च शिक्षण झाले; मात्र घरच्या व्यवसायासाठी ते अर्धवट सोडावे लागले.

पेढीवर बसून व्याजाचा हिशेब करण्यात या तरुणाचे मन रमले नाही. वडिलोपार्जित धंदा सुरक्षित होता, पण त्यात नवे काही उभे राहत नव्हते. अशा वेळी त्यांची गाठ लक्ष्मण बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते आणि नोकरी सोडून रेल्वेची लहानसहान कंत्राटे घेत होते. त्यांच्यापाशी कामाची माहिती होती, वालचंदांपाशी भांडवल आणि धडाडी. मराठी ब्राह्मण कारकून आणि गुजराती जैन सावकारपुत्र यांची ही भागीदारी त्या काळाच्या मानाने वेगळीच म्हणावी लागेल. बार्शी लाइट रेल्वेच्या कामाने तिची सुरुवात झाली आणि फाटक-वालचंद हे नाव कंत्राटदारांच्या वर्तुळात पुढे आले.

पुढच्या काळात या पेढीचे टाटांच्या बांधकाम कंपनीत विलीनीकरण झाले आणि कामांचा आवाकाही वाढला. मुंबई-पुणे लोहमार्गावर बोरघाटात नवे बोगदे खोदण्याचे काम वालचंदांच्या देखरेखीखाली झाले. तानसा तलावाचे पाणी मुंबईला आणणाऱ्या मोठ्या नळांचे काम त्यांच्याच कंपनीने केले. पुढे सिंधू नदीवर कालाबाग येथे पूल बांधला गेला. १९२६ साली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीची स्थापना झाली. मोठे काम म्हणजे केवळ मोठे भांडवल नव्हे. हजारो माणसे, यंत्रे आणि वेळ यांचा मेळ घालावा लागतो, हा धडा वालचंद या कंत्राटांवरच शिकले.

‘लॉयल्टी’चा सामना

पहिले महायुद्ध संपले तेव्हा हिंदी समुद्रावरील जहाजवाहतूक जवळपास पूर्णपणे ब्रिटिश कंपन्यांच्या हाती होती. १९१९ साली दिल्लीहून मुंबईला येणाऱ्या गाडीत एका इंग्रज सहप्रवाशाकडून वालचंदांना ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज विकायचे असल्याचे कळले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. हे जहाज मूळचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. युद्धकाळात शिंदे सरकारने ते विकत घेऊन रुग्णसेवेसाठी दिले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्या साहाय्याने ते खरेदी केले आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ रोजी हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. तोच दिवस पुढे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

मात्र पहिल्या सफरीचा गाजावाजा ओसरताच खरी लढाई सुरू झाली. लॉर्ड इंचकेप यांच्या बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांनी भाडे पाडून सिंदियाला जेरीस आणले. १९२३ साली दहा वर्षांचा करार होऊन सिंदियाची जहाजे प्रामुख्याने किनारी वाहतुकीपुरती मर्यादित राहिली. वालचंदांना तो करार मनापासून पटला नव्हता. परक्या सरकारच्या छत्राखाली परक्या कंपन्यांशी स्पर्धा करताना केवळ व्यापारी हुशारी पुरत नाही, सरकारचे धोरणही आपल्या बाजूने असावे लागते, ही गोष्ट त्यांच्या मनावर कायमची कोरली गेली. मोटारीच्या बाबतीत त्यांना हाच अनुभव पुन्हा येणार होता.

विश्वेश्वरय्यांचा आराखडा

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हिंदुस्थानात मोटारी वाढत होत्या, पण त्या सगळ्या परक्या. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही पाठोपाठ हिंदुस्थानात बस्तान बसवले. जहाजातून सुट्या भागांच्या पेट्या यायच्या, येथील कामगार त्या उघडून भाग जोडायचे आणि गाडी बाहेर पडायची. त्यात हिंदी मजुरी होती, हिंदी ज्ञान मात्र नव्हते. इंजिन कसे ओतायचे, गिअर कसे कापायचे, पत्रा दाबून बॉनेट आणि दरवाजे कसे घडवायचे, यांतील काहीच येथे होत नव्हते.

ही उणीव सर्वांत आधी नेमकेपणाने मांडली ती सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आणि खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे पुणेकरांना परिचित असलेल्या या अभियंत्याने १९३५च्या सुमारास युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटारनिर्मितीचा आराखडा तयार केला. मुंबईत कारखाना निघावा, अशी त्यांची कल्पना होती. आराखडा होता, पण तो पैसा आणि पाठपुरावा यांच्या बळावर अंगावर घेणारा माणूस हवा होता. तो वालचंदांच्या रूपाने मिळाला.

१९३७ साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि या योजनेला प्रांतिक सरकारची सहानुभूती लाभली. पण १९३९च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार तुटला. दिल्लीच्या सरकारने मोटार कारखाना हा युद्धप्रयत्नाचा भाग मानण्यास नकार दिला. परदेशातून यंत्रे आणायची तर परकीय चलन आणि जहाजांत जागा हवी, आणि दोन्हींची किल्ली सरकारच्या हाती. म्हैसूर संस्थानाचे साह्य घेण्याचाही प्रयत्न झाला, पण दिल्लीच्या नापसंतीपुढे तो टिकला नाही. सैन्याला हजारो ट्रक लागत असताना देशात ट्रक बनवण्याला मात्र परवानगी नव्हती, असा हा विचित्र प्रकार होता.

डेट्रॉइटची वारी

वालचंद १९३९ साली अमेरिकेला गेले. मोटारउद्योगाची राजधानी असलेल्या डेट्रॉइटमध्ये त्या वेळी तीन बड्या कंपन्यांचे राज्य होते. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांच्याशी झालेली बोलणी फळाला आली नाहीत. हिंदुस्थानात त्यांची स्वतःची जुळणी चालू असताना तिथे नवा प्रतिस्पर्धी उभा करण्यात त्यांना काय स्वारस्य असणार? क्रायस्लर कंपनीने मात्र तयारी दाखवली आणि १९४० साली तिच्याशी करार झाला. प्लिमथ, डॉज, डीसोटो आणि फार्गो ही क्रायस्लरची नावे त्यामुळे पुढे मराठी माणसाच्या तोंडी रुळली.

वालचंदांनी ज्या उद्योगाचे दार ठोठावले होते, त्याचे स्वरूप समजून घेतले तर पुढच्या अडचणींचे कारण कळते. अमेरिकेत मोटार हे केवळ वाहन उरले नव्हते. जनरल मोटर्सने १९२७ साली गाड्यांच्या बाह्यरूपासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि हार्ले अर्ल यांच्याकडे तो सोपवला. दरवर्षी गाडीचे रूप थोडे बदलायचे, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी जुनी वाटू लागते आणि गिऱ्हाईक नवी घेते, हा त्यामागचा हिशेब. क्रायस्लरचा वारसा मात्र अभियंत्यांचा होता. वाऱ्याचा विरोध कमी करणारी, शास्त्रीय पायावर घडवलेली ‘एअरफ्लो’ ही गाडी तिने १९३४ साली आणली. तंत्राच्या दृष्टीने ती काळाच्या पुढे होती, पण तिचा गोलसर चेहरा लोकांना रुचला नाही आणि ती पडली. त्या धक्क्यानंतर क्रायस्लरने रूपाच्या बाबतीत सावध पवित्रा घेतला. कंपनीचे अध्यक्ष के. टी. केलर यांचा आग्रह असा, की डोक्यावरची टोपी न काढता माणसाला गाडीत बसता आले पाहिजे. म्हणून चाळीसच्या दशकातील क्रायस्लरच्या गाड्या उंच छताच्या, भारदस्त आणि दणकट दिसत. खडबडीत रस्त्यांच्या देशाला ही गाडी काही बाबतींत सोयीची होती. जमिनीपासून उंच, सांगाडा मजबूत, इंजिन साधे आणि दुरुस्तीला सोपे.

दरवर्षी रूप बदलण्यामागचे अर्थकारण मात्र हिंदुस्थानला परवडणारे नव्हते. मोटारीचा पत्रा दाबण्यासाठी लागणारे पोलादी साचे अतिशय महाग असतात. एका साच्यातून लाखो पत्रे निघाले तरच त्याचा खर्च वसूल होतो. अमेरिकेत ते एक-दोन वर्षांत साधत असे. ज्या देशात सगळ्या कंपन्यांच्या मिळूनही गाड्यांची वार्षिक विक्री काही हजारांतच होती, तेथे नवे रूप तर सोडाच, एकच रूप घडवण्याचे साचेसुद्धा डोईजड होणार होते.

मोटारीऐवजी विमान

अमेरिकेहून परतताना एक योगायोग घडला. सॅन फ्रान्सिस्कोहून हाँगकाँगकडे निघालेल्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी पडली. चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवणाऱ्या या माणसाशी झालेल्या गप्पांतून हिंदुस्थानात विमाने बनवण्याची कल्पना निघाली. दिवाण सर मिर्झा इस्माइल यांच्या म्हैसूर संस्थानाने जागा आणि भांडवलाचा वाटा दिला आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंदणी झाली. मोटारीला नाही म्हणणारे सरकार विमानाला मात्र हो म्हणाले, कारण युद्धात त्याची तातडीची गरज होती. १९४१ मध्ये हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान तेथून उडाले. परंतु १९४२ साली सरकारने खासगी भागधारकांचा वाटा विकत घेऊन कंपनी ताब्यात घेतली. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही तिचीच पुढची अवस्था.

जहाजबांधणीचीही कथा अशीच. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सिंदियाच्या गोदीची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी जपानी विमानांनी त्या बंदरावर बाँब टाकले आणि काम रखडले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते ‘जलउषा’ हे तेथे बांधलेले जहाज पाण्यात उतरले. ही गोदीही १९५२ साली सरकारी क्षेत्राकडे गेली. वालचंदांनी मोठ्या हिमतीने लावलेली तीनपैकी दोन झाडे अशी दुसऱ्याच्या अंगणात गेली. मोटारीचे झाड तेवढे त्यांच्या घराण्याच्या हाती राहिले.

कुर्ल्याचा कारखाना

युद्धाची अखेर दृष्टिपथात येताच वालचंदांनी मोटारीचा धागा पुन्हा उचलला. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना झाली. या सुमारास बिर्लांनीही हिंदुस्थान मोटर्सच्या रूपाने मोटारीच्या धंद्यात पाऊल टाकले होते आणि इंग्लंडच्या मॉरिसशी त्यांचे नाते जुळले होते. देशात मोटारीची दोन हिंदी घराणी उभी राहिली, एकाने अमेरिकेचा हात धरला, दुसऱ्याने इंग्लंडचा. १९४७ साली, म्हणजे स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियरची पहिली वाहने बाहेर पडली.

सुरुवात अर्थातच जुळणीने झाली. पण शिवडीच्या परक्या जुळणीत आणि कुर्ल्याच्या जुळणीत एक मूलभूत फरक होता. शिवडीला जुळणी हेच अखेरचे ठिकाण होते, कुर्ल्याला ती पहिली पायरी होती. सुटे भाग टप्प्याटप्प्याने येथेच बनवायचे, हा वालचंदांचा कार्यक्रम होता आणि त्या दिशेने कंपनीने लवकरच पावले टाकली. मुंबईच्या रस्त्यांवर डॉज आणि प्लिमथ दिसू लागल्या. त्यांतील कित्येक टॅक्सी म्हणूनही धावल्या. फार्गो आणि डॉजचे ट्रक माल वाहू लागले. पन्नाशीत डॉज किंग्जवे, प्लिमथ सॅव्हॉय आणि डीसोटो डिप्लोमॅट ही नावे श्रीमंतीची खूण मानली जाऊ लागली. गंमत अशी, की ही परदेशी बाजारासाठीची नावे बरीचशी एकाच सांगाड्यावर बेतलेली होती. पुढची जाळी, पट्ट्या आणि बिल्ले बदलले की प्लिमथची डॉज होई.

मोठी गाडी आणि लहान खिसा

याच दशकात अमेरिकेत मोटारीच्या रूपाने कळस गाठला. क्रायस्लरने टोपीची सोय मागे टाकून व्हर्जिल एक्सनर या रचनाकाराच्या हाती सूत्रे दिली. १९५५ साली त्याच्या लांब, सखल आणि धावत्या वाटणाऱ्या गाड्या आल्या. त्याच साली तीनशे अश्वशक्तीची ‘क्रायस्लर ३००’ही बाजारात आली. फोर्डने १९५५च्या हंगामासाठी ‘थंडरबर्ड’ ही दोन आसनांची गाडी काढली आणि १९५८ साली तिला चार आसने देऊन एक नवा वर्गच निर्माण केला. कुटुंबासाठी नव्हे आणि शर्यतीसाठीही नव्हे. मालकाने स्वतः चालवायची, स्वतःच्या सुखासाठी आणि मिरवण्यासाठी घ्यायची अशी ही गाडी. लांबलचक बॉनेट, आखूड मागची बाजू, दोनच दरवाजे, पुढे दोन स्वतंत्र खुर्च्या आणि त्यांच्या मधोमध कळफलकासारखा कप्पा. बाहेरून तिची लांबी डोळ्यांत भरे, आतली जागा मात्र त्या मानाने बेताची. उपयोगापेक्षा ऐट मोठी, हेच तिच्या रचनेचे सूत्र होते. अमेरिकेतील स्वस्त पेट्रोल, रुंद रस्ते आणि सुखवस्तू मध्यमवर्ग यांच्या जोरावर ते सूत्र चाललेही.

नव्याने स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानात यांतले काहीच नव्हते. प्लिमथचे सहा सिलिंडरचे इंजिन सुमारे साडेतीन लिटरचे. पेट्रोल परदेशातून येणारे, परकीय चलन मोजके, आणि मोटार घेऊ शकणारा वर्ग अगदी लहान. त्या वर्गातही डॉक्टर, वकील, कारखानदार यांना हवी होती ती झेपेल अशी गाडी. क्रायस्लरची मोटार दणकट होती, दिमाखदार होती, पण तिच्या बळावर मोटारउद्योग उभा राहणे कठीण होते. ही गोष्ट कुर्ल्याला लवकर उमगली. म्हणूनच वालचंदांच्या हयातीतच, १९५१ साली, प्रीमियरने इटलीच्या फियाट कंपनीशी संधान बांधून तिच्या छोट्या ‘टोपोलिनो’ गाडीची जुळणी सुरू केली. पुढे १९५४ पासून आलेल्या ‘फियाट ११००’चे इंजिन १०८९ सी.सी.चे, म्हणजे प्लिमथच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. तिला वेगळा सांगाडा नव्हता. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा, त्यामुळे वजन कमी. पाच माणसे दाटीवाटीने का होईना बसत आणि इंधनही बेताने लागे.

वालचंदांना हवी होती ती देशाची मोटार. ती अमेरिकेच्या वाटेने येईल, असे १९३९ साली त्यांना वाटले. ती आली इटलीच्या वाटेने. यात त्यांचा हिशेब चुकला, असे वरवर पाहता वाटेल. पण क्रायस्लरच्या गाड्यांवरच कुर्ल्याचे कामगार घडले, यंत्रशाळा उभ्या राहिल्या, सुटे भाग पुरवणारे लहान कारखानदार आजूबाजूला तयार झाले. त्या तयारीवाचून फियाटला येथे पाय रोवता आले नसते. आपण निवडलेली गाडी बदलावी लागली तरी कारखाना टिकला पाहिजे, ही समज त्यांच्या कंपनीने दाखवली, ती महत्त्वाची.

अखेरचे दिवस

मात्र हे सारे पूर्णपणे पाहणे वालचंदांच्या नशिबी नव्हते. १९४९ साली त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते कारभारातून निवृत्त झाले आणि उद्योगांची धुरा लालचंद, गुलाबचंद, रतनचंद या बंधूंकडे गेली. ज्या माणसाला एका जागी बसणे ठाऊक नव्हते, त्याला अखेरची काही वर्षे परावलंबी अवस्थेत काढावी लागली. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे वालचंदांचे निधन झाले.

नियतीचा खेळ असा, की त्याच वर्षी टॅरिफ कमिशनचा मोटारउद्योगावरील अहवाल आला. केवळ जुळणी करणाऱ्या आणि येथे निर्मितीचा कार्यक्रम नसणाऱ्या कंपन्यांना देशात स्थान नसावे, असे धोरण सरकारने स्वीकारले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपले येथील कारखाने गुंडाळले. जहाजाच्या वेळी जे संरक्षण वालचंदांनी ब्रिटिश सरकारकडे मागितले आणि मोटारीच्या वेळी पुन्हा मागितले, ते स्वदेशी सरकारने अखेर दिले. ते पाहायला मागणारा उरला नव्हता.

संरक्षणाची किंमत

या संरक्षणाचे दोन परिणाम झाले, आणि वालचंदांचे मोठेपण सांगताना दुसरा परिणाम झाकून ठेवण्याचे कारण नाही. पहिला परिणाम चांगला. इंजिनापासून दिव्यापर्यंत जवळजवळ सगळे भाग देशात बनू लागले. पुणे-मुंबईच्या पट्ट्यात सुट्या भागांचा जो प्रचंड उद्योग पुढे उभा राहिला, त्याच्या जडणघडणीत या धोरणाचा वाटा मोठा आहे. दुसरा परिणाम असा, की स्पर्धाच उरली नाही. गाडीसाठी वर्षानुवर्षे नोंदणी करून थांबावे लागे, मग कंपनीने रूप बदलण्याचे कष्ट आणि नव्या साच्यांचा खर्च कशाला करावा? १९६४ साली आलेली फियाट ‘डिलाइट’ १९७०च्या दशकात ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि मग ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव बदलले, जाळी बदलली, पण गाडी मूळची तीच राहिली. अमेरिकेत दरवर्षी रूप बदलण्याची उधळपट्टी, तर आपल्याकडे तीन तपे रूप न बदलण्याचा आळस, अशी ही दोन टोके होती.

तरीही पद्मिनीने मराठी मध्यमवर्गाच्या मनात घर केले. लग्नात नवरा-नवरी तिच्यातून निघाली, कुटुंबे तिच्यातून कोकणात आणि देवदर्शनाला गेली, आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती मुंबईची ओळखच बनली. १९८०च्या दशकात मारुती आली तसे तिचे दिवस भरत गेले. लालचंदांचे पुत्र आणि मराठी रंगभूमीचे आश्रयदाते विनोद दोशी यांच्या कारकिर्दीत कंपनीने फियाटची ‘११८ एनई’ आणि नंतर फ्रान्सच्या प्यूजोची गाडी आणून पाहिली, पण पूर्वीचे वैभव परतले नाही. शतक सरता सरता पद्मिनीचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची वीस वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस संपली आणि ती रस्त्यावरून निघून गेली. कुर्ल्याच्या कारखान्याच्या जागेवर आज कोहिनूर सिटी ही वसाहत उभी आहे.

न सुटलेला प्रश्न

वालचंदांनी बनवलेली मोटार हिंदी हातांनी घडली, पण तिचे रूप कधी डेट्रॉइटचे होते, कधी तुरिनचे. संपूर्ण गाडी आपल्या देशाच्या गरजेनुसार स्वतः योजण्याचे काम त्यांच्या पिढीला साधले नाही. पुण्यात टाटांनी १९९८ साली ‘इंडिका’ आणली तेव्हा कोठे ती वाट मोकळी झाली, आणि तिच्या बाह्यरूपासाठीही इटालियन रचनासंस्थेचे साह्य घ्यावे लागलेच. जुळणी, मग सुटे भाग, मग इंजिन आणि शेवटी स्वतःची रचना, असा हा लांबचा रस्ता आहे. पहिल्या दोन टप्प्यांना जेव्हा कुणी वालीच नव्हता, तेव्हा वालचंदांनी ते आपल्या खांद्यावर घेतले.

सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरची तंत्रसंस्था त्यांचे नाव चालवतात. इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळावर उभे राहिलेले वालचंदनगर साखरेपासून अवजड यंत्रांपर्यंत पोहोचले. २००४ साली टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. अवसरीसारख्या गावांच्या परिसरात आज मोटार अभियांत्रिकी शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कितीजण चाकणला केवळ जुळणीच्या रांगेत उभे राहतील आणि कितीजण पुढच्या गाडीची रेघ स्वतः ओढतील, यावर वालचंदांनी अर्ध्यावर सोडलेला प्रवास पूर्ण होणे अवलंबून आहे.